पाचवीला कुठं टाकायचं?

मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर काय लिहायचं ते लिहून जाते, अशी आपल्याकडची समजूत. पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवायची, दिवा विझू द्यायचा नाही आणि घरातल्यांनी मात्र अदबीनं दुसरीकडं बघायचं. सटवाईचं अक्षर आजवर कुणाला लागलेलं नाही. त्यानंतर दहा वर्षांनी त्याच मुलाच्या वाट्याला दुसरी पाचवी येते, आणि या खेपेला लिहिणारे जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक असतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं त्यांचं अक्षर लागतं, खाली गोल शिक्काही असतो. प्रगती : चांगली. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : पुढील शिक्षणासाठी. चार वर्षांत हरवलेल्या पाट्या, शाळेमागच्या चिंचेवर मारलेले दगड, पावसाळ्यात चिखलातून घसरत केलेली प्रभातफेरी आणि एकदा रागानं चावलेला मित्राचा हात, एवढं सगळं त्या एका ‘चांगली’त बिनबोभाट मावतं.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हा दाखल्यांचा मोसम उसाच्या मोसमानंतर येतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथल्या कारखान्यांच्या चिमण्या थंडावलेल्या असतात, मळीचा वास हवेतून उतरलेला असतो, आणि माणसांना बोलायला एक नवा विषय हवाच असतो. दूध घालायला डेअरीवर गेलं तरी तोच, केस कापायला बसलं तरी तोच. “पोराला पाचवीला कुठं टाकायचं म्हंता?” असं विचारणारा माणूस उत्तराची वाट बघत नाही, स्वतःच्या पोराला कुठं टाकलंय ते सांगण्यासाठीच तो विचारत असतो. पूर्वी असा सल्ला मुलीचं स्थळ बघताना मिळायचा. आता मुली स्वतःच बघून घेतात, तेव्हा मोकळा झालेला सगळा अनुभव हायस्कुलाकडं वळला असावा.

मुळात पाचवी कुणाची, इथंच घोळ आहे. आपली जुनी विभागणी पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी. खेड्यातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीला संपायची आणि पाचवीपासून हायस्कूल लागायचं. मग शिक्षण हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला (तारखेकडं लक्ष देऊ नये) आणि त्यानं सांगितलं, प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी, उच्च प्राथमिक म्हणजे सहावी ते आठवी. झालं! गावातली शाळा म्हणू लागली, पाचवी आमची. हायस्कूल म्हणू लागलं, पाचवी पिढ्यान्‌पिढ्या आमची. शिष्यवृत्तीची परीक्षा आधी चौथीला आणि सातवीला होती, ती 2017 पासून पाचवीला आणि आठवीला गेली, आणि आता पुन्हा चौथी-सातवीकडं परतायला निघाली आहे. बांधावरून भावकीत होतात तशी भांडणं एका इयत्तेवरून व्हावीत आणि ती इयत्ता मात्र खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत बसलेली असावी, असं हे दृश्य आहे.

या भांडणाची गोड बाजू मे महिन्यात बघायला मिळते. हायस्कुलातले सर मोटरसायकलवरून वस्त्या पालथ्या घालत असतात. आपल्याकडं गाव एका ठिकाणी नसतंच. ते मळ्यामळ्यांतून वस्त्यांच्या रूपानं विखुरलेलं असतं, आणि प्रत्येक वस्तीवर कुत्रं असतं. त्या कुत्र्याला चुकवून सर अंगणात येतात, बाजेवर बसतात, आणि ज्यांच्या हातची छडी ही शंभर वर्षं महाराष्ट्रानं भीतीनं पाहिली ते मास्तर हात जोडून म्हणतात, “पोरगं आमच्याकडंच द्या.” त्यामागं संचमान्यतेचं गणित असतं. पट भरला तर शिक्षकांची पदं राहतात. पट घसरला की एखाद्या सरांच्या नावापुढं ‘अतिरिक्त’ असा शब्द लागतो आणि त्यांचीच बदलीची पाचवी सुरू होते. म्हणजे अंगणात दोन विद्यार्थी समोरासमोर असतात. एक दहा वर्षांचा, एक पंचेचाळिशीचा, आणि जूनमध्ये आपण कुठं असू याची दोघांनाही सारखीच धास्ती. उसाचा मुलूख असल्यामुळं चहात साखर सढळ पडते. पाच वस्त्या झाल्या की सरांच्या अंगात उन्हापेक्षा साखरच जास्त झालेली असते, पण सहाव्या वस्तीवरही ते नाही म्हणत नाहीत. मला हे सर फार आवडतात. मुलाचं नाव, इयत्ता, वडिलांचा मोबाइल हे त्यांच्या वहीत असतंच; पण म्हैस कधी व्याली, आजीचा मोतीबिंदू झाला का, हेही ते विचारतात. कुटुंबाला पुढच्या शाळेची तयारी करून देण्याचं जे काम मोठ्या शहरांत समुपदेशक काचेच्या खोलीत बसून करतात, ते इथं अतिरिक्त होण्याच्या भीतीनं का होईना, बाजेवर बसून होतं.

तिकडं बारामतीत शिरणाऱ्या रस्त्यांवर फ्लेक्स उभे असतात. ‘प्रवेश सुरू’. त्यावर टक्क्यांसह हसणारी मुलं, आणि त्या मुलांहून मोठ्या आकाराचे संस्थाचालक. बारामतीचं आकर्षण काही आजचं नाही. कवी मोरोपंत 1729 साली पन्हाळ्यावर जन्मले, पण नांदले ते इथं, बाबूजी नाइकांच्या आश्रयानं, कऱ्हेच्या काठी. आणि 1794 मध्ये गेलेही इथंच. या गृहस्थांनी एकच रामकथा एकशे आठ तऱ्हांनी रचली. कुठं ओठ मिटणारं एकही अक्षर येऊ द्यायचं नाही, कुठं आणखी काही अट. त्यांच्या गावात पालकांनी ‘सेमी घ्यावं का पूर्ण मराठी, का इंग्लिश मीडियम’ हा एकच प्रश्न एकशे आठ तऱ्हांनी चघळावा, यात परंपराच म्हणायची. इंदापूरकडची मंडळी बारामतीकडं बघतात, बारामतीची पुण्याकडं, आणि पुण्याची कुठं बघतात ते विमानतळावर कळतं.

तरी इंदापूरनं मनाला लावून घेऊ नये. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी ही संस्था 1860 साली पुण्यात ज्या तिघांच्या नावानं सुरू झाली, त्यांत वासुदेव बळवंत फडके आणि वामन प्रभाकर भावे यांच्या जोडीला लक्ष्मण नरहर इंदापूरकर होते. याच संस्थेचं हायस्कूल बारामतीत आहे. म्हणजे पन्नासेक किलोमीटरवरून पोरगं बारामतीला ‘टाकायला’ आलेल्या इंदापूरच्या पालकानं प्रवेशाच्या रांगेत जरा ताठ उभं राहायला हरकत नाही. फी मात्र तरीही भरावी लागते. आणि खुद्द इंदापुरात नारायणदास रामदास हायस्कूल आहेच. त्याच्या फाटकातून बाहेर पडलेल्यांना गाठून त्यांच्या वेळच्या सरांबद्दल विचारावं. पुढचा अर्धा तास आपल्याला बोलायची गरज पडत नाही.

प्रवासाचा हिशेब हा या सगळ्यातला सगळ्यात काव्यमय भाग. मुलीला एसटीचा पास अहिल्याबाई होळकरांच्या नावानं फुकट, अगदी बारावीपर्यंत; मुलाला एक तृतीयांश पैसे. 2024 च्या जूनपासून हे पास थेट शाळेत पोचवायचं एसटीनं ठरवलं, नाहीतर पूर्वी पासाची रांग हाच पाचवीचा पहिला धडा असे. पण जून उजाडायच्या आधी, प्रवेश घ्यायला म्हणून जी पहिली फेरी होते, ती बहुधा आजीबरोबर असते, कारण आई रोजानं खुरपायला गेलेली आणि बापाची कंपनीत पाळी. आजी बाई माणूस म्हणून तिचं तिकीट निम्मं. नातू बाराच्या आतला म्हणून त्याचंही निम्मं. कंडक्टरच्या यंत्रातून दोघांचं मिळून एक सबंध माणूस बाहेर पडतं. त्या एका माणसाचे दोन हात पिशवीत असतात, दाखल्याच्या झेरॉक्स धरून, आणि दोन हात खिडकीबाहेर. बारामतीचं नवं बसस्थानक 2024 च्या मार्चमध्ये सुरू झालं, एवढं झकपक की आजी पायरीवर क्षणभर चप्पल काढायच्या बेतात थांबते.

दाखल्याचं पुढं काय होतं, हेही ऐकण्यासारखं आहे. आता मुलाचं नाव कागदावर तसंच संगणकावरही हलावं लागतं. जुन्या शाळेनं सोडलं आणि नव्या शाळेनं अजून ओढून घेतलं नाही, अशा मधल्या काळात ते मूल ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये असतं. मुख्याध्यापक हे अगदी सहज सांगतात, “काळजी करू नका, तुमचं पोरगं ड्रॉप बॉक्समध्ये आहे.” बाप घाबरून मागं वळून बघतो, तर पोरगं व्हरांड्यात उकिडवं बसून मुंग्यांची रांग मोडत असतं. मला वाटतं, संगणकानं नकळत फार खरं सांगितलंय. चौथी संपल्यापासून पंधरा जूनपर्यंत मूल कुठल्याच शाळेचं नसतं. ते नुसतं आंब्याचं आणि विहिरीचं असतं.

आमच्या वेळी संगणक नव्हता, पण जन्मतारखेचा चमत्कार होता. आजूबाजूच्या गावांतून हायस्कुलात गोळा झालेल्या आमच्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस 1 जूनला. जन्माची नोंद कुणाजवळ नसायची. गुरुजी पोराच्या उंचीकडं बघायचे, डोक्यावरून हात कानापर्यंत पोचतो का ते बघायचे, आणि शाळा उघडण्याच्या बेताची तारीख टाकून द्यायचे. एका दिवशी एवढी माणसं जन्माला आल्याची नोंद जगात कुठं नसेल. इंग्रजी पाचवीतच सुरू व्हायचं, त्यामुळं हायस्कूल म्हणजे एबीसीडी, दर तासाला बदलणारे सर, आणि आठवीची फुल पँट. त्या फुल पँटीची स्वप्नं आम्ही पाचवीपासून अर्ध्या चड्डीत उभं राहून पाहत असू. ती पुढं एकदाची मिळाली, तेव्हा पायांना वारा लागेना म्हणून चार दिवस चैन पडलं नव्हतं.

भिगवण-पळसदेवच्या पट्ट्यात याच मोसमात उजनीचं पाणी ओसरू लागतं आणि पळसनाथाचं जुनं देऊळ हळूहळू वर येतं. धरण 1980 मध्ये पुरं झालं; भीमाकाठची जुनी गावं पाण्यात गेली आणि वर नवी वसली. अशाच एका गावचे एक आजोबा नातवाच्या प्रवेशाला आले होते. कुणीतरी त्यांना विचारलं, “आजोबा, तुम्ही कितवीपर्यंत?” ते म्हणाले, “चौथी. पण मी कधी शाळा बुडवली नाय. शाळाच बुडाली.” ऑफिसातले सगळे हसले, आजोबाही हसले, आणि मग बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले.

आणखी एक पाचवी असते, ती आपल्या चर्चेत येत नाही. ऊस तोडायला बीडकडून आलेल्या माणसांची पोरं हंगामभर कारखान्यांच्या आसपास कोपींत राहतात. कधी इथल्या शाळेत बसतात, कधी धाकट्याला सांभाळत बसतात. हंगाम संपून पट्टा पडला की बैलगाड्या ट्रकात चढतात आणि पोरं परत. त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड दिलं जातं, म्हणजे जिथं जातील तिथल्या शाळेनं त्यांना वर्गात बसवावं. कुठं टाकायचं, हा प्रश्न त्यांच्या घरात कुणी विचारत नाही. बसता आलं तर बसायचं, एवढंच.

आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याचे प्रश्न मात्र निराळे असतात. शेजारच्या वस्तीवरची एक मुलगी यंदा पाचवीला जाणार. घरात सेमीवर वाद, सायकलीवर वाद, काकानं पुढं सहावीसाठी नवोदय विद्यालयाचा विषय काढला तेव्हा पिंपळे जगताप किती लांब यावर वाद. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “तिथं पाणी प्यायला विचारावं लागतं का?” मग म्हणाली, खिचडी तिथंही असते ना? असते, म्हटलं, आठवीपर्यंत. मग तिनं मुद्द्याला हात घातला. तिची मैत्रीण ‘अ’ तुकडीत आणि ती ‘क’ तुकडीत गेली तर डबा कुणाबरोबर खायचा? या प्रश्नाला शासन निर्णय नाही. अर्जात तसा रकाना नाही. मी बऱ्याच माणसांना विचारलं. सेमीबद्दल सगळ्यांना मत होतं, डब्याबद्दल कुणालाच नव्हतं.

तेव्हा ज्यांच्या घरात यंदा पाचवी आहे, त्यांना एवढंच सांगणं. शाळा तुम्ही निवडालच, भरपूर भांडून निवडाल. पण मे महिन्यात एखाद्या दिवशी पोराला घेऊन ते हायस्कूल नुसतं बघून या. पाण्याची टाकी कुठं, मुलींचं स्वच्छतागृह कुठं आणि त्याला कडी आहे का, एसटी कुठल्या झाडाखाली थांबते, ते त्याला त्याच्या डोळ्यांनी बघू द्या. शिपाईमामांशी ओळख करून द्या. पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांपेक्षा तेच जास्त उपयोगी पडतात. तुकडीचं आधीच बोलून ठेवता आलं तर ठेवा. आणि दाखला हातात पडला की जन्मतारीख तिथंच, उभ्याउभ्या तपासून घ्या. मागाहून बदलायला फार हेलपाटे पडतात.