फॅट मशीनचे सर

सकाळी दूध संकलन केंद्रावर किटल्यांची रांग लागली, की नेमका त्याच वेळी फॅट मशीनचा आकडा कॉम्प्युटरवर यायचा बंद होतो. मशीन ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ दाखवतंय आणि पडद्यावर शून्य! शून्याला भाव नसतो. रांगेत आवाज चढतो आणि सचिव ‘सरां’ना फोन लावतो. “निघालोच आहे,” असं सर पांघरुणातून सांगतात.

संगमनेर, अकोले, राहाता या दुधाच्या पट्ट्यात असे सर जागोजाग सापडतात. शिकवत ते कुणालाच काही नाहीत. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण यांच्या बिलबुकावर अजून अहमदनगरच आहे, कारण पहिलं बिलबुक संपायचंय. पाठीवर सॅक, सॅकमध्ये यूएसबी-सिरीयल केबलींचा गुंता.

सरांचा नियम एकच: आधी काढा, मग घाला. आल्याबरोबर केबल उपसतात, नऊ पिनांवर फुंकर मारतात, परत खोचतात. ही आरएस-२३२ची रीत १९६० सालची, म्हणजे सरांपेक्षा वडीलधारी; फुंकर मात्र तिला रोज खावी लागते.

विंडोजला सारखे व्हायरस लागायचे, म्हणून केंद्रावर सरांनीच उबुंटू टाकून दिलंय. लिनक्सच्या कर्नलमध्ये या केबलीचा ड्रायव्हर आधीपासूनच असतो. खोक्यातली छोटी सीडी लागतच नाही. तरी सर ती मागून घेतात. मेव्हण्याच्या डाळिंबांवरची पाखरं हुसकावणं, एवढं एकच काम त्या सीडीनं आजवर चोख केलंय.

मग सर काळी खिडकी उघडतात. पांढरी अक्षरं पळू लागली की रांग चिडीचूप. सरांना हे पक्कं ठाऊक असल्यामुळे एका ओळीचं काम ते चार ओळींत करतात. ‘डी-मेसेज’ सांगतो: पोर्ट जोडला. लगेच खाली: पोर्ट सुटला. सर गालातल्या गालात हसतात. उबुंटू २२.०४ मध्ये अंधांच्या ब्रेल यंत्रासाठी बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्रॅम असतो. सीएच ३४० चिपची केबल दिसली की तिलाच ब्रेल यंत्र समजून तो ताब्यात घेतो.

“तुमची फॅट ब्रेलवाल्यानं पळवली,” सर जाहीर करतात. रांग संशयानं एकमेकांकडे बघते.

तो प्रोग्रॅम काढला की खरं तर काम संपतं. पण एवढ्यावर बिल कसं फाडणार? म्हणून सर ‘आरएममॉड’नं ड्रायव्हरही उतरवायला जातात. उत्तर येतं: मॉड्यूल वापरात आहे. घाईघाईनं सचिवानं डेअरीचं सॉफ्टवेअर आधीच उघडलेलं असतं.

“बंद करा ते! त्यानं पोर्ट धरून ठेवलाय. धरणारा सोडत नाही तोवर ड्रायव्हर निघत नाही.”

सॉफ्टवेअर बंद होतं, ड्रायव्हर निघतो, ‘मॉडप्रोब’नं परत बसतो. पडद्यावर ३.५ उमटतात आणि पहिली किटली सरकते. सर बिल पुढे करतात. “दुधाच्या पगाराला बघू,” सचिव म्हणतो. मागच्या पगारालाही त्यानं हेच बघितलं होतं.

रांगेतले एक आबा सगळं नीट न्याहाळत असतात. “सर, ह्या तुमच्या कमांडीनं आमचा चेअरमन निघंल का हो? लई वर्सं झाली.”

सर सॅकची चेन ओढतात. “नाही निघायचा, आबा. त्याला धरून ठेवणारे सगळे या रांगेतच उभे आहेत.”