सिल्वासात गळा तयार करण्याचा सोपा मार्ग

गाणे शिकायचे ठरले की पहिले पथ्य म्हणजे घरात सांगू नये. सांगितले की त्याच संध्याकाळी पाहुण्यांसमोर ‘म्हण बघू काहीतरी’ सुरू होते, आणि शिकवणी तर सोमवारपासून लागायची असते.

मग बाई शोधाव्यात. दारावरची पाटी वाचत बसू नये, दाराबाहेरच्या चपला मोजाव्यात. दहा जोडांच्या वर असतील तर आत समूहगान चालते असे समजून जिना उतरावा. पहिल्या दिवशी आवडत्या गाण्याचा कराओके ट्रॅक फोनमध्ये जरूर न्यावा. तो तसाच परत आणता येतो.

बाई आधी पट्टी ठरवतील. त्यांनी विचारण्याआधीच ‘काळी पाच’ असे पुरुषांनी ठोकून देऊ नये. बायकांचा षड्ज साधारण काळी चार-पाचच्या आसपास बसतो, पुरुषांचा पांढरी एक ते काळी दोनच्या. आवडत्या गायकाची पट्टी उसनी घेतली की मुखडा थाटात जातो आणि अंतऱ्यात तार षड्जापाशी मानेच्या शिरा दिसू लागतात. मंद्र पंचमाला आवाज गायब होत नाही आणि तार मध्यमाला किंचाळत नाही, ती आपली पट्टी. ती ऐकून चेहरा पडू देऊ नये.

यानंतर सा लावावा. उद्याही सा लावावा. पुढच्या महिन्यात रे येईल अशी आशा बाळगायला हरकत नाही. मिरजेचा तंबोरा बाईंच्या कपाटावर खोळीत असतो. त्याच्याकडे आदराने पाहावे आणि फोनमधल्या तंबोऱ्यावर प-सा-सा-सा लावून कामाला लागावे.

श्वास घेताना खांदे वर जात असतील तर तो श्वास फुकट गेला. खालच्या बरगड्या आणि पोट फुगले पाहिजे, आणि सोडताना शुद्ध कंजूषपणा करावा. या बाबतीत दादरा-नगर हवेलीत उत्तम गुरू आहेत, पण ते गात नाहीत. वारल्यांचा तारपा ऐकावा. तारपकरी गालात साठवलेली हवा फुंकता फुंकता नाकाने नवा श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही आणि फेर धरून नाचणाऱ्यांना थांबायला निमित्त मिळत नाही. गाणाऱ्याला ही सोय नाही. त्याला दोन शब्दांच्या फटीतून श्वास चोरावा लागतो, आणि शिकाऊ माणूस तो नेमका शब्दाच्या मध्ये चोरून पकडला जातो.

पहाटे खर्ज भरावा. झोपेतून उठल्यावर स्वरपट्ट्या जराशा सुजलेल्या, सैल असतात, म्हणून खालचे स्वर सहज लागतात. अडचण एवढीच की सिल्वासा तीन पाळ्यांत चालते. तुमचा मंद्र पंचम लागतो त्या सुमारास भिंतीपलीकडचा माणूस कारखान्यातून रात्रपाळी करून येऊन नुकता आडवा झालेला असतो. दिवाळीला फराळाचे ताट त्याच्याकडे सर्वांत आधी न्यावे.

घाई झालीच तर सुधीर फडके आठवावेत. बाबूजींनी पोर्तुगिजांकडून हा मुलूख सोडवायचा ध्यास घेतला, खर्चासाठी पुण्यात लताबाईंच्या गाण्याचा कार्यक्रम घडवला आणि स्वतःही मोहिमेत उतरले. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झाले. पुढच्या १ एप्रिलला त्यांचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवर सुरू झाले आणि वर्षभरात त्यांनी छप्पन्न गीतांना चाली दिल्या. यावरून आठ महिन्यांत काय काय होऊ शकते असा हिशेब मांडू नये. कोल्हापुरात वामनराव पाध्यांकडे लहानपणी घोटलेली सरगम त्यात धरलेली नसते. तुम्ही आठ महिन्यांत भूपाच्या आरोहात मध्यम लावायचा थांबलात तरी बाई पेढे मागतील.

परीक्षांचे वेड आईवडिलांना असते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, मग प्रवेशिका दोन, मध्यमा दोन, विशारद दोन. दर वर्षी एक दिली तरी सात वर्षे जातात. तोवर आवाज फुटून पुन्हा जुळलेला असतो.

मुक्तिदिनाला सुट्टी असते, पण तुम्हाला नाही. सोसायटीच्या कार्यक्रमात ‘आमच्याकडे गाणे शिकतात’ म्हणून तुमचे नाव कोणीतरी दिलेलेच असते. एकट्याने म्हणायचे कटाक्षाने टाळावे, समूहगीत सुचवावे. मागच्या रांगेत, सगळ्यांत सुरेल असलेल्या काकूंच्या शेजारी उभे राहावे, तार षड्ज आला की माइककडून तोंड फिरवावे आणि ओठ मात्र शेवटपर्यंत जोरात हलवावेत.