पुढचं कोण?

नेटवर्कवरच्या यंत्राला काय काय विचारता येतं, ते एमआयबीच्या फायलीत लिहिलेलं असतं. तिच्यात वरच्या बाजूला ‘कॉन्टॅक्ट-इन्फो’ नावाची जागा असते. कोडची एक ओळही लिहायच्या आधी मी ती भरतो. नाव, हुद्दा आणि खाली ‘शुक्रवार पेठ, सोलापूर’. हा पत्ता आता जगभरच्या राउटरांत जाणार म्हणून छाती फुगते. प्रत्यक्षात तो कुठेच जात नाही. ही विचारपूस करणाऱ्या एसएनएमपीच्या पाकिटातून जातात ते खणांचे आकडी पत्ते आणि त्यांतली मूल्यं. माझा हुद्दा आणि प्रत्येक रकान्याखाली मी लिहिलेलं रसाळ वर्णन, सगळं फायलीतच राहतं. कोडचा सांगाडासुद्धा नेट-एसएनएमपीचं ‘एमआयबीटूसी’ हे अवजार काढून देतं. तरी कोपऱ्यावर कुणी ‘काय करलालास बे सध्या?’ विचारलं की मी ‘नेटवर्क सांभाळतोय’ म्हणतो आणि चहाचे पैसे त्याला देऊ देतो.

सांभाळायचं म्हणजे काय, तर स्विचमधल्या एजंटला, म्हणजे उत्तरं देणाऱ्या प्रोग्रामला, तक्ता शिकवायचा. आणि 1988 साली आलेल्या एसएनएमपी या प्रोटोकॉलला तक्ता ठाऊकच नाही! मी हौसेने ओळी आखतो, रकाने आखतो. मॅनेजर, म्हणजे प्रश्न विचारणारा प्रोग्राम, मात्र एकेक खण मागतो. त्याचा लाडका प्रश्न ‘गेट-नेक्स्ट’. हा पत्ता झाला, पुढचं कोण? एजंटने जन्मभर एवढंच सांगायचं. त्यासाठी सगळे खण पत्त्याच्या आकड्यांनुसार चढत्या क्रमाने लावलेले हवेत, नाहीतर मॅनेजर एक तर अडून बसतो किंवा गोल गोल फिरत राहतो. ओळीची ओळख नावावरून ठेवली तर आधी नावाची लांबी येते, मग अक्षरांचे आकडे. ‘एलओ’चे होतात 2.108.111 आणि ‘ईटीएच0’चे 4.101.116.104.48. थोडक्यात, आखूड नावाला मान आधी. माझं नाव आडनावासकट भलतंच लांब असल्यामुळे हा नियम मला अजून पटलेला नाही.

मानाचा क्रम सोलापूरकराला कुणी शिकवू नये. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापलेल्या 68 लिंगांना तेलाने न्हाऊ घालायचं, ते यण्णीमज्जन. नंदीध्वजाची उंच काठी तोलत पांढऱ्या बाराबंदीतली माणसं चाललेली असतात आणि पुढचं लिंग कुठलं हे कुणी कागद काढून बघत नाही. आता हीच मिरवणूक एसएनएमपीच्या साध्या ‘वॉक’च्या हाती द्या. तो ओळीने जात नाही, रकान्याने जातो. म्हणजे आधी 68 ठिकाणी नुसतं तेल. मग वळून परत पहिल्या लिंगापाशी, आणि 68 ठिकाणी नुसता बेल. मग पुन्हा पहिल्यापासून नारळ. तोवर संक्रांत उलटून जाईल, अक्षता सोहळा खोळंबेल, पाळणेवाले गाशा गुंडाळतील आणि नंदीध्वज पेलणाऱ्यांचे खांदे मला शिव्या देतील. शहाणा मॅनेजर सगळे रकाने एकाच विनंतीत मागतो आणि 1993 साली एका दमात अनेक खण आणणारा ‘गेट-बल्क’ही आला, हे मला माहीत आहे. पण एकदा मिरवणुकीत रमलो की मी त्या दोघांचं नाव काढत नाही.

तर तक्ता. ओळ जन्माला घालायची, थांबवायची किंवा पुसायची तर ‘रो-स्टेटस’ नावाचा रकाना लागतो. 1 म्हणजे चालू, 2 म्हणजे ‘नॉट इन सर्व्हिस’, 6 म्हणजे पुसून टाक. हे मी वडिलांना, म्हणजे अण्णांना, वाचून दाखवत होतो, कारण घरात कुणीतरी थक्क व्हायला हवं. अण्णा गिरणीत साचेखात्यात होते. दोनच्या आकड्यावर त्यांचा शेंगा सोलणारा हात थांबला.

“म्हणजे माणूस आहे, पण काम नाही?”

“माणूस नाही अण्णा, ओळ.”

“तेच ते.”

गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हा त्यांचं नाव मस्टरवर होतं. कामावरून काढलं असं कुणी लिहून दिलं नाही आणि देणीही कुणी दिली नाहीत. वर्षानुवर्षं माणसं गेटवर जमायची, कुणीतरी ‘दिवाळीपर्यंत होईल’ म्हणायचं, की मंडळी घरी. माझी फी भरली गेली ती आईने वळलेल्या विड्यांवर.

‘रो-स्टेटस’चे नियम सांगणाऱ्या 1999 सालच्या आरएफसी 2579 या मानकात मात्र लख्ख लिहिलंय. एखादी ओळ अशी अधांतरी फार काळ राहिली, तर एजंटने ती हुडकून काढून टाकायची. फार काळ म्हणजे किती, ते वर्णनात सांगायचं; सांगितलं नसेल तर साधारण पाच मिनिटं धरायची. यंत्रातल्या ओळीला लटकत ठेवू नये, एवढा विचार कुणीतरी बसून केला! वाचताना मला त्या ओळीचा चक्क हेवा वाटला आणि मग संताप आला. तो कुणावर काढावा हे न कळल्याने मी लॅपटॉप जरा जोरात मिटला.

“तुझ्या वर्णनात किती लिहिलंस?” अण्णांनी विचारलं.

“अजून काहीच नाही. तुम्ही सांगा.”

“दिवाळीपर्यंत तरी ठेव.”

“अण्णा, मी ते सेकंदांत लिहितो.”

“मग सेकंदांत लिही की. दिवाळीला राहिलेत किती?”