पाठ तुमची, पोस्टर आमचे

कामगारांना इजा होऊ नये म्हणून अर्गोनॉमिक्सचा कार्यक्रम सुरू करायचे एकदा कंपनीने मनावर घेतले, की पुढचे सारे ठरल्यासारखे घडते. मुख्य कार्यालयात कमरेला टेकू देणाऱ्या खुर्च्या येतात. संगणकाचा पडदा डोळ्यांच्या रेषेत आणला जातो. मान कशी फिरवावी, हे एक तज्ज्ञ साहेबांना शिकवून जातात. मग कोणाला तरी गोदाम आठवते आणि तिथे पोस्टर लागते : ‘ओझे उचलताना गुडघ्यात वाका, कमरेत नको.’ पोस्टरखाली सिमेंटच्या गोण्यांची थप्पी असते, प्रत्येक गोणी 50 किलोची. हे वजन कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नसते. सुधारायचे ते हमालाला, हमालीला नव्हे, असा या उपक्रमांचा एकूण बाणा आहे.

बाणा पाहण्यासारखा असला तरी पुरावा त्याच्या बाजूचा नाही. अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेने ओझे उचलण्यासाठी जे सूत्र बसवले, त्यात ओझे अंगालगत, कमरेच्या उंचीला, पकड पक्की आणि अंगाला पीळ नाही, असे सगळे मनासारखे असले तर आकडा येतो 23 किलो. जमिनीवरून उचलायचे, वळायचे, दिवसभर तेच करायचे म्हटले की तो आणखी खाली उतरतो. आपली गोणी मुळातच त्याच्या दुपटीहून जड. याच संस्थेने 1994 मध्ये सांगितले, की कमरेला पट्टे बांधून धडधाकट कामगारांची इजा टळते याला पुरेसा पुरावा नाही. उचलण्याच्या पद्धतीचे धडे पाठदुखी रोखतात का, हे तपासणाऱ्या अभ्यासांचा आढावा 2008 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापला. त्यालाही तसा आधार सापडला नाही. म्हणजे पट्टा आणि पोस्टर या दोन्ही लाडक्या गोष्टी गेल्या. उरले वजन, आणि त्याला हात लावायला कोणी तयार नाही.

यावर पहिले उत्तर ठरलेले : ‘आमचे हमाल सवयीचे आहेत.’ असतीलच, कारण ज्यांना सवय झाली नाही ते गावी परतले. गोदामात उभे असलेले तेवढे मोजून सगळे ठणठणीत आहेत म्हणायचे, तर मग वर्गात हजर मुलांची मोजणी करून शाळेत गळती नाही असेही सिद्ध करता येईल. कोणी अभ्यासू अधिकारी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची 1967 ची शिफारस काढतो : प्रौढ पुरुषाला 55 किलो, तेव्हा आपले 50 नियमात बसते. पण त्या शिफारशीत 55 च्या वर असेल तर लवकरात लवकर तिथवर खाली आणा, असे म्हटले आहे. खाली येण्याच्या पायरीला आपण मुक्कामाचे ठिकाण समजलो.

आणि लहान गोणी परवडत नाही हे म्हणणे? ब्रिटनमध्ये सिमेंट 25 किलोच्या पिशवीत मिळते, आणि तिथे घरे बांधणे काही थांबलेले नाही. इतके लांब कशाला, मुंबईच्या विमानतळावर पाहा. 32 किलोंहून जड बॅग बहुतेक विमान कंपन्या जादा पैसे देऊनही घेत नाहीत, कारण ती चढवणाऱ्याची पाठ. त्याच शहरात कुंपणाबाहेर टेम्पोतून गोणी उतरवणाऱ्याचे मणके बहुधा वेगळ्या कारखान्यात घडतात. एक आक्षेप मात्र खरा आहे : हमाली नगावर असेल तर गोणी अर्धी झाल्यावर मजुरीही अर्धी होईल, ही भीती हमालालाच वाटते. ती मोडायची तर दर वजनावर बांधावा लागेल. माथाडींसाठी 1969 पासून स्वतंत्र कायदा आणि मंडळे असलेल्या महाराष्ट्रात दराची वाटाघाट ही काही नवलाई नाही.

तोवर चार खुर्च्या कमी घेऊन एखादी हायड्रॉलिक हातगाडी घेता येते, कमरेच्या उंचीचा फलाट बांधता येतो, आणि गोणी नेमकी कुठे अडते हे हमालांनाच विचारता येते. अडचण एवढीच, की या विचारपुशीचा फोटो चांगला येत नाही आणि वार्षिक अहवालाला फोटो लागतो.