गाभा आणि गुंतवणूक
आइस हॉकीचा स्टॅनले चषक १९६७ नंतर एकदाही न जिंकलेल्या टोरांटो मेपल लीफ्स संघाने मॅथ्यूज, मार्नर, टवारेस आणि नायलँडर या चौघांना ‘गाभा’, म्हणजे ज्यांच्याभोवती उरलेला संघ रचला जातो असे खेळाडू, मानून २०१८ पासून सात हंगाम देव्हाऱ्यात जपले. आणि वेतनमर्यादेचा, म्हणजे लीगने प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर घातलेल्या कमाल बंधनाचा, सुमारे निम्मा नैवेद्य त्यांनाच दाखवला. या काळात बाद फेरीतील अवघ्या दोन मालिका जिंकूनही व्यवस्थापनाचे संयमाचे प्रवचन खंडित झाले नाही. अखेर २०२५ मध्ये, करार संपता संपता, मार्नर वेगासला गेला आणि मोबदल्यात निकोलस रॉय हा एकच खेळाडू हाती लागला. गाभा मोडायचाच असेल, तर त्याला बाजारभाव असतानाच मोडावा. मुदत टळल्यावर दाखवलेल्या धैर्याला चषक मिळत नाही.