अंकवाले काका

मुलुंड पूर्वेच्या जुन्या सोसायट्यांत असे एक काका असतातच. आमचे दुसऱ्या मजल्यावर राहतात. नोकरीतून कधीच निवृत्त झाले. जुन्या मराठी नियतकालिकांतून त्यांना निवृत्त करणारा अजून जन्मायचाय.

'मूळ अंक पाहिलाय?' हा त्यांचा लाडका प्रश्न. कुणी हौसेनं 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी वाचतेय म्हणाली, की काका लगेच, 'पुस्तक वाचताय हो! 1890च्या 'करमणुकी'त हप्त्याहप्त्यानं यायची. मूळ अंक पाहिलाय?' तिनं बिचारीनं ग्रंथालयातून आणलेली प्रत परत करायला घेतली.

6 जानेवारीला जिन्यात गाठून शुभेच्छा देतात. 'कसल्या?' असं विचारलंत की गेलात! 1832, बाळशास्त्री जांभेकर, 'दर्पण', एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्रजी. हातातलं दूध नासेपर्यंत सुटका नाही.

पण त्यांचा खरा जीव 'दीनमित्र'वर. 'पुण्या-मुंबईत पत्र कोणीही काढील. मुकुंदराव पाटलांनी 1910 पासून खेड्यातून काढलं! नगर जिल्ह्यातलं तरवडी. साप्ताहिकही चालवायचं, वर 'ढढ्ढाशास्त्री परान्ने'सारखी कादंबरीही लिहायची. सत्यशोधक माणूस, कुणाची भीड नाही. आणि आमच्या सोसायटीचा वार्षिक अहवाल वेळेवर निघत नाही!' शेवटचं वाक्य सेक्रेटरीकडे बघून.

अंक उघडणं हा सोहळा असतो. टेबल पुसायचं, हात धुऊन पंचानं कोरडे करायचे आणि पंखा बंद. मे महिन्यात, मुलुंडला! पिवळी पानं भुरभुरतात म्हणून. आपल्या कपाळावरचा घाम पानावर पडू नये म्हणून आपल्याला हातभर लांब बसवतात. पान बोटानं उलटायचं नाही, जुनं पोस्टकार्ड सरकवून उचलायचं. एवढं करून कथा-कविता वाचतच नाहीत. थेट जाहिराती आणि संपादकाची विनवणी. 'बघा, वर्गणीदारांनी थकबाकी पाठवावी!' आणि स्वतःचा मेंटेनन्स थकल्यासारखे खुदकन हसतात. (थकलेला असतोच.)

रद्दीवाला त्यांना पुरता ओळखून आहे. काका येताना दिसले की तो तराजू बाजूला ठेवतो आणि तोंडाला येईल तो भाव सांगतो.

सोसायटी रीडेव्हलपमेंटला निघाली तेव्हा सगळे कार्पेट एरिया विचारत होते. काकांनी विचारलं, 'माळा देणार का?' हल्ली माळे नसतात म्हटल्यावर सहीच करेनात. दोन मीटिंगा वाया गेल्या. शेवटी काकू म्हणाल्या, 'करा सही. अंक मुलीच्या खोलीत ठेवू. ती कुठं येतेय आता टोरांटोहून!' काकांनी सही केली; त्या दिवशी 'दर्पण'चा विषय मात्र निघाला नाही.

तर मंडळी, घरातला माळा रिकामा करताना 'दीनमित्र'चा एखादा अंक निघाला, तर रद्दीत घालू नका. काकांकडे घेऊन या. चहा नक्की मिळेल. फक्त संध्याकाळचं दुसरं काही ठरवू नका, आणि पंख्याची अपेक्षा ठेवू नका.