उघडून बघितली का?

नारायणगडाकडं निघालात की वाटेत फ्लेक्सची दुकानं लागतात. गडावर नगद नारायण, पायथ्याला धंदा सगळा उधार. आषाढी, दसरा, वाढदिवस आणि श्रद्धांजली अशा चार पिकांवर जगणाऱ्या या दुकानांत एक ऑपरेटर हमखास भेटतो. त्याला आम्ही 'भाऊ' म्हणतो.

भाऊचा माणसांवर विश्वास आहे, वायरीवर नाही. डिझाइनचा कॉम्प्युटर या खोलीत, छपाईचं मशीन पलीकडच्या. मधली वायर दाराखालून जाते, आणि त्या दाराला ती सोडून सगळ्यांना जागा द्यायची असते. नवं पोरगं फोटोशॉपमधून थेट मशीनच्या फोल्डरात सेव्ह मारायला लागलं, की भाऊ चहा ठेवून उठतो. "आरं, कामून तिकडं? आधी आपल्या डी ड्राइव्हला कर. मग कॉपी मार."

पोरगं कुरकुरतं, पण भाऊचं खोटं नाही. फोटोशॉप बनवणारी अ‍ॅडोबी कंपनीही हेच सांगते, की काम आपल्याच डिस्कवर करा, फाइल नंतर हलवा. जुन्या फाइलवर नवी लिहिली जात असताना लाईट गेली किंवा वायर निसटली, तर जुनी गेलेली आणि नवी अर्धीच आलेली. कॉपी तुटली तर तुटू दे, मूळ घरात आहे.

हे शहाणपण भाऊला एका वाढदिवसानं दिलं. साधी जेपीजी वरून खाली उलगडत जाते. फाइल अर्धी पोचली की खालचा भाग राखाडी. त्या बॅनरवर वरच्या ओळीतले नेते शाबूत राहिले, खालचे अकरा शुभेच्छुक राखाडी झाले. पैसे शुभेच्छुकांनी द्यायचे होते.

तेव्हापासून भाऊ फायली दिंडीसारख्या मोजतो. विणेकरी पोचला म्हणजे दिंडी पोचली असं नसतं. शेवटची तुळसवाली आली का बघायचं. जेपीजीच्या शेपटाला एफएफ डी९ अशी खूण असते, ती नसेल तर कुणीतरी वाटेतच राहिलं. भाऊ ती खूण शोधत बसत नाही. दोन्हीकडच्या प्रॉपर्टीज उघडून बाइट अन् बाइट जुळवतो, मग मशीनवरची फाइल उघडून तळापर्यंत बघतो आणि त्यानंतरच ओरडतो, "मारा!" अर्थात आकडे जुळले तरी मूळच बिघडलेली असू शकते, म्हणून उघडणं चुकत नाही.

नावांबाबतही तो कडक आहे. जुन्या फाइलवर नवी कधी चढवायची नाही. फायनल, फायनल दोन, खरी फायनल अशी रांग. मात्र वाढदिवसाच्या फाइलला 'अंतिम' म्हणायला बंदी. ती चुकून श्रद्धांजलीच्या फोल्डरात जाते.

परवा त्यानं पुण्यातल्या पोराला एसटीनं लाडवांचा डबा पाठवला. रात्री फोन.

"पोचला का?"

"पोचला."

"उघडून बघितला का? किती निघाले?"

"बावीस."

भाऊनं वहिनींकडं पाहिलं. "इथून चोवीस निघाले होते. थांब, परत पाठवतो."

चोवीस घरातही काढून ठेवले होते.